कॉस्टिंगचा पेपर पहिल्यांदाच घेताय? चकलीच्या हिशेबापासून सुरुवात करा

जून-जुलै आला की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलीचा नाहीतर पुतण्याचा फोन येतो, "दादा, स्पेशल सब्जेक्ट म्हणून कॉस्टिंग घेऊ का, सगळे म्हणतात लय अवघड आहे." मी कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत (धातू वितळवून पार्ट ओतायचा कारखाना) कॉस्टिंग, म्हणजे मालाच्या खर्चाचा हिशेब, बघतो आणि माझं बी.कॉम. पण इकडंच झालंय, बारावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे पहिल्या दिवशी वर्गात 'ओव्हरहेड अ‍ॅब्सॉर्प्शन' हा शब्द ऐकल्यावर पोटात गोळा येतो म्हणजे नेमकं काय होतं ते मला माहितीये. दरवर्षी फोनवर तेच सांगतो, म्हणून यावेळी सगळं नीट लिहून काढतोय.

विषय अवघड नाहीये, पण फायनान्शियल अकाउंट्सपेक्षा वेगळा आहे आणि गडबड तिथंच होते. अकाउंट्समध्ये आपण विचारतो की वर्षभरात एकूण किती खर्च झाला. कॉस्टिंगमध्ये विचारायचं असतं की हा खर्च कुणामुळे झाला आणि तो कुणाच्या खात्यावर जायला पाहिजे, म्हणजे कुठल्या मालाच्या, कुठल्या डिपार्टमेंटच्या, कुठल्या ऑर्डरच्या. अख्खा सिलॅबस या एका प्रश्नाभोवती फिरतो. पुढचं सगळं वाचताना हा प्रश्न हाताशी ठेवा, फॉर्म्युले आपोआप जागेवर बसतात.

सगळ्यात आधी: तुमचा पेपर नक्की कुठला ते बघा

हे सांगायची गरज पडते कारण नावं वेगवेगळी आहेत. पुणे विद्यापीठात बी.कॉम. ला स्पेशल म्हणून 'कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटिंग' वर्षानुवर्षं आहे, मुंबईत बीएएफ (अकाउंटिंग अँड फायनान्सचं बी.कॉम.) करणाऱ्यांना कॉस्ट अकाउंटिंग आणि मॅनेजमेंट अकाउंटिंग (धंद्याचे निर्णय घ्यायला लागणारे हिशेब) वेगवेगळ्या सेमिस्टरला येतं, एम.कॉम. ला परत दोन्ही अ‍ॅडव्हान्स्ड म्हणून येतात. त्यात नवीन शैक्षणिक धोरणामुळे मेजर-मायनर आणि क्रेडिटची रचना आलीये, म्हणून सीनियरकडून घेतलेली जुनी गाईड डोळे झाकून वापरू नका, युनिव्हर्सिटीच्या साईटवरून चालू वर्षाचा सिलॅबस डाऊनलोड करा, प्रिंट काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. मराठी माध्यमातून लिहिणाऱ्यांनी शब्दांची एक जोडयादी पण करून ठेवा: परिव्यय म्हणजे कॉस्ट, सीमांत परिव्यय म्हणजे मार्जिनल कॉस्ट, प्रमाण परिव्यय म्हणजे स्टँडर्ड कॉस्ट. पेपर मराठीत लिहिला तरी नोकरीत सगळे इंग्रजी शब्दच वापरतात, म्हणून दोन्ही माहिती पाहिजेत.

पायरी १: कॉस्ट शीट, आणि ते पण पुस्तकातलं नाही, घरातलं

कॉस्ट शीट म्हणजे मालाचा खर्च पायरीपायरीनं मांडलेला तक्ता. पुस्तकातलं पहिलं गणित 'एक्सवायझेड लिमिटेड'चं असतं, त्यात फॅक्टरी कसली आहे तेच कळत नाही, मग आपण नुसते आकडे साच्यात भरत बसतो. त्यापेक्षा समजा गल्लीतल्या बचत गटानं दिवाळीला ५०० किलो चकली केली. आकडे मी समजण्यापुरते धरलेत.

भाजणी ४५० किलो आणली, १०० रुपये किलोनं, ४५,००० झाले, त्यातली ३० किलो शेवटी उरली, म्हणजे वापरली ४२,००० ची. इथंच पहिली चूक होते बघा, पोरं खरेदी लिहितात, वापर नाही. तेल, मसाला आणि पिशव्या मिळून २०,०००. म्हणजे डायरेक्ट मटेरियल ६२,०००. बायकांना किलोमागं ५० रुपये मजुरी, २५,०००. दोन्हीची बेरीज ८७,०००, ही झाली प्राईम कॉस्ट. प्राईम म्हणजे काय, तर ज्या खर्चाकडं बोट दाखवून म्हणता येतं की हा याच चकलीचा.

आता गॅस ८,०००, खोलीचं भाडं ६,०००, चकलीच्या मशीनचा घसारा १,०००. हे चकलीमुळेच झालेत पण एका चकलीकडं बोट दाखवता येत नाही, म्हणून हे वर्क्स ओव्हरहेड, १५,०००. तुटकी चकली आणि चुरा विकून २,००० आले ते वजा करा. वर्क्स कॉस्ट आली १,००,०००. हिशेब ठेवणारीचा पगार आणि फोन ५,०००, तो मिळवला की कॉस्ट ऑफ प्रॉडक्शन १,०५,०००, म्हणजे किलोला २१०.

२० किलो शिल्लक राहिली, २१० नं ४,२००, ती वजा केली की विकलेल्या ४८० किलोची कॉस्ट १,००,८००. खोकी, टेम्पो आणि दुकानदाराचं कमिशन किलोला १० प्रमाणे ४,८००, हे फक्त विकलेल्या ४८० वर, ५०० वर नाही, हा पण मार्कांचा मुद्दा आहे. कॉस्ट ऑफ सेल्स १,०५,६००, किलोला २२०. विकली २८० नं, १,३४,४०० आले, नफा २८,८००.

हे गणित एकदा कोऱ्या कागदावर स्वतः करा. मग विचारा, बचत गटानं कर्ज काढलं असेल तर त्याचं व्याज कुठं गेलं? गणपतीला दिलेली वर्गणी? इन्कम टॅक्स? हे कॉस्ट शीटमध्ये येत नाहीत, कारण हे चकली करण्यामुळे झालेले खर्च नाहीत. पाठ करायची यादी म्हणून नका बघू, तोच प्रश्न विचारा, कुणामुळे झाला.

एक सांगतो, ऑफिसचा खर्च कुठं घ्यायचा यात पुस्तकापुस्तकात फरक आहे. जुन्या पद्धतीत सगळा अ‍ॅडमिन खर्च कॉस्ट ऑफ प्रॉडक्शनमध्ये घेतात, नव्या फॉरमॅटमध्ये फक्त प्रॉडक्शनशी संबंधित असलेला तिथं येतो आणि जनरल अ‍ॅडमिन खाली विक्रीखर्चाबरोबर जातो. तुमच्या कॉलेजात जो चालतो तो धरा, आणि वर्किंग नोटमध्ये एक ओळ लिहा की काय गृहीत धरलंय.

पायरी २: मटेरियल आणि लेबर, हे पटकन होतं

स्टोअर्स लेजरमध्ये (मालाच्या आवक-जावकेचं खातं) फिफो (आधी आलेला माल आधी गेला असं धरायचं) आणि वेटेड अ‍ॅव्हरेज (सगळ्या स्टॉकचा सरासरी भाव) हातात बसेपर्यंत करा, पाच-सहा गणितं पुरतात. लिफो (शेवटी आलेला माल आधी गेला असं धरायचं) काही सिलॅबसमध्ये अजून आहे, पण आपल्या अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये स्टॉकच्या व्हॅल्युएशनला तो चालत नाही, एवढं व्हायव्हात सांगता आलं पाहिजे.

ईओक्यू चा, म्हणजे एका वेळी किती माल मागवला की खर्च सगळ्यात कमी येतो त्याचा, फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो पण कशासाठी ते माहिती नसतं. वर्षाला ४,००० किलो लागतं, एका ऑर्डरचा खर्च १००, एक किलो वर्षभर सांभाळायचा खर्च २०. दोन गुणिले ४,००० गुणिले १००, भागिले २०, म्हणजे ४०,०००, वर्गमूळ २००. आता पडताळा घ्या: वर्षाला २० ऑर्डरी, खर्च २,०००. सरासरी स्टॉक १०० किलो, सांभाळायचा खर्च २,०००. दोन्ही सारखे आले की उत्तर बरोबर. परीक्षेत हा पडताळा अर्ध्या मिनिटात होतो.

लेबरमध्ये हॅल्से आणि रोवन, म्हणजे वेळ वाचवणाऱ्या कामगाराला बोनस द्यायच्या दोन पद्धती, हमखास येतात. १० तासांचं काम ६ तासांत केलं, ताशी ५० रुपये. दोन्हीत मूळ मजुरी ३००. हॅल्सेमध्ये वाचलेल्या ४ तासांच्या निम्म्याचे १००, एकूण ४००. रोवनमध्ये वाचलेला वेळ भागिले दिलेला वेळ, ते गुणिले ३००, म्हणजे १२०, एकूण ४२०. निम्मा वेळ वाचला तर दोन्ही सारखे येतात, त्याच्या आत रोवन जास्त देतो, त्याच्या पुढं हॅल्से. या ओळीवर थिअरीचा प्रश्न येतो आणि गणिताचं उत्तर तपासायला पण कामी येते.

पायरी ३: ओव्हरहेड, इथं घाई करू नका

माझ्या मते सिलॅबसचा जीव इथं आहे. तीन आठवडे द्या याला, बाकी कशाचे कमी करा पण याचे नको.

तीन कामं आहेत. पहिलं, खर्च डिपार्टमेंटमध्ये वाटायचा. भाडं जागेच्या प्रमाणात, कँटीन माणसांच्या संख्येवर, विमा मशीनच्या किमतीवर, पॉवर हॉर्सपॉवर गुणिले तासांवर. याचा तक्ता पुस्तकात असतो, पण तो पाठ करण्यापेक्षा प्रत्येक खर्चाला विचारा की तू कशामुळे वाढतोस. माणसं वाढली की कँटीनचा खर्च वाढतो, झालं, बेसिस सापडला. दुसरं काम, मेंटेनन्स, स्टोअर्ससारख्या सर्व्हिस डिपार्टमेंटचा खर्च प्रॉडक्शनवाल्यांवर टाकायचा. दोन सर्व्हिस डिपार्टमेंट एकमेकांना पण सेवा देत असतील तर रिपिटेड डिस्ट्रिब्युशन (संपेपर्यंत पुन्हा पुन्हा वाटत जायचं) नाहीतर दोन समीकरणं मांडून सोडवायचं. मी समीकरणंच मांडतो, कमी ओळीत होतं आणि उत्तर अचूक येतं.

तिसरं काम, म्हणजे अ‍ॅब्सॉर्प्शन, डिपार्टमेंटमध्ये जमलेला खर्च एकेका मालावर चढवायचा. हे किती महत्त्वाचं आहे ते मला नोकरीत कळलं. पहिल्या नोकरीत, एका छोट्या कारखान्यात, सगळा ओव्हरहेड मजुरीच्या टक्क्यानं चढवायचे, पूर्वीपासून तसंच चालत आलेलं. आकडे सोपे करून सांगतो. महिन्याचा ओव्हरहेड ६ लाख, मजुरी २ लाख, म्हणजे मजुरीच्या ३०० टक्के. एक पार्ट हातानं करायचा, मजुरी ५००, मशीनवर १ तास. दुसरा पार्ट सगळा मशीनवर, मजुरी १००, मशीनचे ५ तास. मजुरीच्या टक्क्यानं पहिल्यावर १,५०० ओव्हरहेड बसला आणि दुसऱ्यावर ३००. आता महिन्यात मशीन चालतात ३,००० तास, म्हणजे तासाला २०० रुपये, तसं केलं तर पहिल्यावर २०० आणि दुसऱ्यावर १,०००. खर्च तर सगळा मशीनचाच होता, वीज, घसारा, मेंटेनन्स. म्हणजे हातकामाचा पार्ट विनाकारण महाग दिसत होता, त्याच्या ऑर्डरी दुसरीकडं जात होत्या, आणि मशीनचा पार्ट आम्ही तोट्यात विकत होतो आणि खूश होतो की ऑर्डरी येतायत. एक बेसिस चुकला तर एवढं होतं. तेव्हापासून मशीन अवर रेटचं, म्हणजे मशीनच्या तासाला किती ओव्हरहेड त्याचं, गणित मी कधीच दहा मार्कांचं गणित म्हणून बघितलं नाही.

रेट आधी अंदाजानं ठरवतात, त्यामुळे वर्षाखेरीला चढवलेला आणि खरा खर्च जुळत नाही, हेच अंडर किंवा ओव्हर अ‍ॅब्सॉर्प्शन. फरक नेहमीच्या कारणानं असेल तर सप्लिमेंटरी रेटनं (फरकापुरता काढलेला वेगळा दर) मालावर वाटायचा, संप, आग असल्या वेगळ्या कारणानं असेल तर कॉस्टिंग प्रॉफिट अँड लॉसला. पुन्हा तोच प्रश्न, कुणामुळे.

पायरी ४: मेथड्स (धंद्याप्रमाणे कॉस्ट काढायच्या पद्धती), आजूबाजूला बघून शिका

प्रिंटिंग प्रेसमध्ये लग्नपत्रिका छापतात ते जॉब कॉस्टिंग. बेकरीत एका भट्टीला निघतात तेवढे पाव ते बॅच. बिल्डरचं काम कॉन्ट्रॅक्ट. आपल्या एसटीचं सर्व्हिस कॉस्टिंग, तिथं युनिट पॅसेंजर-किलोमीटर असतं, नुसते पॅसेंजर धरले तर शेजारच्या हुपरीला जाणारा आणि मुंबईला जाणारा एकाच भावात पडेल.

प्रोसेस कॉस्टिंगला मात्र साखर कारखान्याएवढं चांगलं उदाहरण नाही, आणि आपल्याकडं ते घराघरात माहिती आहे. ऊस आत जातो, रस निघतो, पाक होतो, साखर बनते, प्रत्येक टप्प्याचं वेगळं खातं आणि एकाचं आऊटपुट दुसऱ्याचं इनपुट. शेतकरी ज्याला उतारा म्हणतो ते म्हणजे यील्ड. मळी, बगॅस (उसाचं चिपाड), प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) हे बायप्रॉडक्ट (जोडीला निघणारा माल), त्यातलं बगॅस तर त्याच कारखान्याच्या बॉयलरला जातं, मग त्याची किंमत धरायची का, कशी धरायची, हा प्रश्न पुस्तकात चार ओळीत संपतो पण कारखान्यात त्यावर मीटिंगा होतात. ऊसपट्ट्यातले असाल तर गळीत हंगामात ओळख काढून एकदा कारखाना आतून बघून या, दोन तासात प्रोसेस कॉस्टिंगचं अर्धं प्रकरण डोळ्यासमोर राहतं.

नॉर्मल आणि अ‍ॅब्नॉर्मल लॉसमध्ये गोंधळ होतो तो असा सोडवा. १,००० किलो टाकले, खर्च ९०,५००. दहा टक्के नेहमीच जातात, ते १०० किलो भंगारात ५ रुपयांनी विकले, ५०० आले. उरलेले ९०,००० चांगल्या ९०० किलोंनी उचलायचे, किलोला १००. प्रत्यक्षात निघाले ८८०, म्हणजे २० किलो जास्तीचे गेले. त्यांची किंमत १०० नंच, २,०००, भंगाराचे १०० आले, १,९०० कॉस्टिंग प्रॉफिट अँड लॉसला. जे जाणारच होतं त्याचा भार चांगल्या मालावर, जे निष्काळजीपणानं किंवा अपघातानं गेलं ते मालाच्या माथी मारायचं नाही. आमच्या फाउंड्रीत पण हेच चालतं, थोडं रिजेक्शन धरलेलंच असतं, पण एखाद्या दिवशी साच्याची वाळूच ओली आली आणि अख्खा लॉट गेला तर तो त्या पार्टच्या कॉस्टमध्ये टाकला की गिऱ्हाइकाला चुकीचा भाव जातो.

पायरी ५: मार्जिनल कॉस्टिंग, इथून मॅनेजमेंट अकाउंटिंग सुरू होतं

मार्जिनल कॉस्ट म्हणजे आणखी माल केल्यामुळे वाढणारा तेवढाच खर्च. आता आपली चकली परत घ्या. पुण्याच्या एका ऑफिसला दिवाळी गिफ्टसाठी १०० किलो पाहिजे, भाव देतायत २०० रुपये, नेणार स्वतः. आपली कॉस्ट ऑफ प्रॉडक्शनच २१०. वर्गात विचारलं तर निम्मे लगेच नाही म्हणतात.

थांबा आणि विचारा, या १०० किलोमुळे नवीन खर्च कुठला होईल? मटेरियल किलोला १२४, मजुरी ५०, गॅस १६, चुऱ्याचे ४ वजा, १८६. खोलीचं भाडं, घसारा, हिशेबनीसाचा पगार ही ऑर्डर घेतली तरी तेवढाच, नाही घेतली तरी तेवढाच. म्हणजे किलोला १४ सुटतात, १,४०० हातात. घ्यायची ऑर्डर, फक्त दोन गोष्टी बघून: बायकांकडं आणि मशीनकडं तेवढा वेळ शिल्लक आहे का, आणि २८० नं घेणाऱ्या दुकानदारांना हा भाव कळून ते अडून बसणार नाहीत ना. उत्तराच्या शेवटी या दोन ओळी लिहायला विसरू नका.

आता ब्रेक इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा कधी होतो ते. किलोला व्हेरिएबल (मालाबरोबर वाढणारा) खर्च १८६ आणि विक्रीचे १०, १९६. किंमत २८०, त्यातून व्हेरिएबल वजा केलं की कॉन्ट्रिब्युशन ८४, ते किमतीच्या ३० टक्के, हाच पीव्ही रेशो. फिक्स्ड खर्च भाडं, घसारा आणि ऑफिस मिळून १२,०००. भागिले ३० टक्के, ४०,००० च्या विक्रीला ना नफा ना तोटा, साधारण १४३ किलो. गटातल्या बायकांना हा आकडा सांगितला की लगेच कळतो, पहिले १४३ किलो भाड्यासाठी आणि पगारासाठी, त्याच्या पुढचा प्रत्येक किलो ८४ रुपये घरी आणतो.

आणि आता जे सांगतोय ते नीट करून बघा, कारण पुस्तकात हे दोन वेगळ्या धड्यात असतं. मार्जिनलनं नफा काढा: ४८० गुणिले ८४, ४०,३२०, वजा १२,०००, आले २८,३२०. वर कॉस्ट शीटनं आलेला नफा होता २८,८००. चकली तीच, पैसे तेच, मग ४८० रुपये आले कुठून? शिल्लक राहिलेल्या २० किलोतून. कॉस्ट शीटनं फिक्स्ड खर्च ५०० किलोवर वाटला, किलोला २४, आणि २० किलोबरोबर ४८० रुपये स्टॉकमध्ये जाऊन बसले, मार्जिनलनं सगळे १२,००० याच महिन्यात उडवले. हा फरक स्वतःच्या हातानं एकदा जुळवला ना, की अ‍ॅब्सॉर्प्शन विरुद्ध मार्जिनल हा प्रश्न तुम्हाला आयुष्यात परत वाचायला लागत नाही. नुसता माल जास्त बनवून गोदामात ठेवला तरी नफा वाढलेला दिसू शकतो, हे पण त्यातच कळतं.

पायरी ६: स्टँडर्ड कॉस्टिंग आणि बजेट

व्हेरियन्सच्या, म्हणजे ठरवलेला आणि खरा खर्च यातल्या फरकाच्या, फॉर्म्युल्यांची चिठ्ठी भिंतीवर लावलेली मी कितीतरी पोरांच्या खोलीत बघितलीये. लावू नका. ५०० किलोला भाजणी ४०० किलो लागायला पाहिजे होती, भाव ९५ धरला होता, म्हणजे ३८,०००. लागली ४२० किलो, पडली १०० नं, ४२,०००. चार हजार जास्त गेले. आता कुणामुळे? भाव किलोला ५ नं चढला, वापरले ४२० किलो, २,१००, हे खरेदी करणाऱ्याला विचारायचं. २० किलो जास्त सांडली-जळली, ९५ नं १,९००, हे करणाऱ्याला विचारायचं. बेरीज ४,०००, जुळलं. वापराच्या फरकाला ठरवलेलाच भाव का लावला, तर भाव वाढला यात स्वयंपाकघराचा दोष नाही, तो त्यांच्या खात्यात का टाकायचा. एवढं डोक्यात असलं की मटेरियल आणि लेबर दोन्हीचे फॉर्म्युले परीक्षेत बसून तयार करता येतात. ओव्हरहेडचे व्हेरियन्स थोडे वेगळे आहेत, त्यांना वेगळा वेळ द्या.

बजेटमध्ये फ्लेक्सिबल बजेट आणि कॅश बजेट करा. फ्लेक्सिबलमध्ये, म्हणजे उत्पादन कमी-जास्त झालं की बदलणाऱ्या बजेटमध्ये, सेमी-व्हेरिएबल खर्च फिक्स्ड आणि व्हेरिएबल भागात फोडता आला की झालं. कॅश बजेटमध्ये घसारा घेतला तर मार्क गेले, कारण घसाऱ्याचे पैसे कुणाला द्यायचे नसतात.

रिकन्सिलिएशन स्टेटमेंटला, म्हणजे कॉस्टिंगचा आणि फायनान्शियलचा नफा जुळवायच्या तक्त्याला, फार वेळ नको. एका नफ्यापासून सुरू करा, प्रत्येक ओळीला विचारा की यामुळे दुसरा नफा जास्त दिसतो की कमी, तेवढीच अधिक-वजा. मिळालेलं व्याज, डिव्हिडंड, भरलेला दंड हे फक्त फायनान्शियलमध्ये, ओव्हरहेडचा फरक आणि स्टॉकच्या किमतीचा फरक दोन्हीत वेगवेगळा.

अभ्यास कसा बसवायचा

रोज एक गणित, पूर्ण, बघून नाही. सोडवलेलं गणित वाचलं की सगळं समजल्यासारखं वाटतं आणि कोऱ्या कागदावर दुसऱ्या ओळीला अडतं, हे सगळ्यांचं होतं. चुकलेलं गणित खोडू नका, शेजारी लाल पेननं लिहा की चूक कुठली, खरेदी-वापराची का, ५०० च्या जागी ४८० ची का, नॉर्मल लॉसचं भंगार विसरलं का. महिन्याभरात दिसतं की तुमच्या चुका तीन-चारच प्रकारच्या आहेत. मागच्या पाच-सहा वर्षांचे पेपर जमवा, पण नोव्हेंबरमध्ये नाही, ऑगस्टमध्येच. पेपरात वर्किंग नोट्स नंबर देऊन लिहा, उत्तर चुकलं तरी रीतीचे मार्क त्यावरच मिळतात. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरची सवय सोडा, पहिल्या दिवसापासून साधा बारा डिजिटचा घ्या आणि त्याचं मेमरीचं बटण वापरायला शिका.

थिअरी सोडू नका. कॉस्ट सेंटर आणि कॉस्ट युनिटमधला फरक, अलोकेशन आणि अपोर्शनमेंटमधला फरक, हे दोन-दोन मार्कांचे प्रश्न हातचे आहेत. कॉस्ट ऑडिटवर (कंपनीच्या कॉस्ट रेकॉर्डची तपासणी) पण टीप येते. कंपनी कायदा २०१३ चं कलम १४८ आणि २०१४ चे कॉस्ट रेकॉर्ड्स अँड ऑडिट रूल्स लक्षात ठेवा. ठरवून दिलेल्या उद्योगातल्या कंपनीची उलाढाल ३५ कोटी किंवा जास्त असेल तर कॉस्ट रेकॉर्ड ठेवायला लागतात, ऑडिटची मर्यादा वेगळी आणि जास्त आहे. साखर, वीज, औषधं, खतं ही त्या यादीतली आहेत. एक्सेल मात्र पहिल्या वर्षापासून शिका, चकलीची कॉस्ट शीट त्यात बनवा आणि भाजणीचा भाव बदलून बघा खाली नफा कसा हलतो, मुलाखतीत हेच विचारतात.

पुढं सीएमए (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट) करायचं असेल तर

सीएमएची परीक्षा घेणारी इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडिया १९५९ च्या कायद्यानं चालते. जुनी माणसं अजून आयसीडब्ल्यूए म्हणतात, ती हीच. फाउंडेशन, इंटरमिजिएट, फायनल असे तीन टप्पे. बारावीनंतर फाउंडेशन, त्यात चार पेपर, पण ग्रॅज्युएट झालात तर थेट इंटरला बसता येतं. इंटर आणि फायनल दोन्हीत आठ-आठ पेपर, दोन ग्रुपमध्ये. पास व्हायला प्रत्येक पेपरला ४० टक्के आणि ग्रुपला सरासरी ५० टक्के लागतात, आणि अडचण त्या ५० ची असते, म्हणून एखादा पेपर मजबूत ठेवायचा की तो बाकीच्यांना ओढून नेतो. बी.कॉम. ला कॉस्टिंग मनापासून केलं असेल तर इंटरचा आठवा पेपर कॉस्ट अकाउंटिंगचा आणि बारावा मॅनेजमेंट अकाउंटिंगचा, हे दोन तुमचे ओढणारे पेपर होऊ शकतात. जाहिरातीत दिसणारी यूएस सीएमए ही वेगळ्या, अमेरिकेतल्या संस्थेची दोन भागांची परीक्षा आहे, वाईट नाही, पण भारतात कॉस्ट ऑडिटवर सही करायची असेल तर इथलीच लागते, फी भरायच्या आधी हे घरच्यांना पण समजावून सांगा.

परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात. इंटरला जूनला बसायचं तर ३१ जानेवारीपर्यंत आणि डिसेंबरला बसायचं तर ३१ जुलैपर्यंत रजिस्ट्रेशन झालेलं लागतं, तरी भरायच्या आधी साईटवर एकदा तारीख बघून घ्या. बी.कॉम. चा शेवटचा निकाल बहुतेक जून-जुलैत हातात येतो आणि ३१ जुलै लगेच पुढ्यात असते, म्हणून फोटो, बारावीचं मार्कशीट, जातीचा दाखला असेल तर तो, सगळं स्कॅन करून मे महिन्यातच एका फोल्डरमध्ये टाकून ठेवा.